उतरून चालण्याचा गिअर

यंदा आमच्या घरी दिवाळीच्या खरेदीत कपड्यांच्या आधी सायकलीचा विषय निघाला. मुलगी अकरावीत गेली आहे. कॉलेज आणि शिकवणी मिळून दिवसाला चार फेऱ्या. सायकल घ्यायची यावर एकमत होते. कोणती, यावर नव्हते. तिला हवी होती गिअरची. मी म्हणालो, "वाशीम गावात कुठे हिमालय लागून गेला आहे? साधी काळी सायकल घे. आम्ही तिच्यावरच लहानाचे मोठे झालो."

सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मोठे झालात, पण चढावर तुम्हाला कधी कुणी पाहिले नाही."

झाले, पैज लागली. मी माझ्या काळ्या सायकलीवर आणि मुलगी मामेभावाच्या उसन्या गिअरच्या सायकलीवर, असा पातूरचा घाट चढायचा. मध्येच ज्याला उतरावे लागेल तो हरला.

वाशिमात हिमालय नाही हे खरे. पण वाशीम स्वतःच वर बसले आहे. जुन्या काळी वऱ्हाडाचे दोन भाग सांगत : पाइनघाट आणि बालाघाट. शब्द फारसी आहेत. पाइन म्हणजे खाली, बाला म्हणजे वर. अकोला पाइनघाटात, वाशीम बालाघाटात. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंच, तर वाशीम साडेपाचशेच्या आसपास. या फरकाचा बराचसा हिशेब मेडशी आणि पातूर यांच्यामधल्या घाटात चुकता होतो. म्हणूनच अकोल्याकडे निघालेल्या वाशीमकराला आधी उतार मिळतो आणि चढ परतीच्या वाटेवर. सणासुदीला उधारी करणाऱ्यांना हा अनुभव वेगळा सांगायला नको.

मेडशीला आमचे आप्त आहेत. त्यांच्या मालगाडीतून सायकली तिथवर नेल्या आणि पहाटे, ट्रकांची वर्दळ सुरू होण्याआधी, घाट उतरलो. उतरताना मी पुढे होतो. हे मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे तशी संधी आली नाही.

परतताना पहिल्या वळणावर मी उभा राहून पायडल मारू लागलो. दुसऱ्या वळणावर उजव्या गुडघ्यातून कट्ट असा आवाज आला. मुलगी मागून आली, पाय भराभरा फिरवत पण सायकल अगदी सावकाश चालवत. शेजारी येऊन म्हणाली, "बाबा, उतरा ना. पैज राहू द्या." मी उतरलो नाही. गेली वीस वर्षे मुलांना नम्रतेवरचे धडे शिकवणारा माणूस मुलीदेखत कसा उतरेल? तिसऱ्या वळणावर मात्र गुडघ्यानेच निर्णय घेतला. त्यानंतर तीन आठवडे मी वर्गात खुर्चीवर बसून शिकवले.

शेक घेत पडलो असताना मुलीने वही काढली आणि दोन्ही सायकलींचे दाते मोजून आली. माझ्या सायकलीला पुढे ४४ दाते, मागे १८. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. अठ्ठावीस इंची चाक. एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. तिच्या सायकलीचे चाक सव्वीस इंची. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढे २४ दाते, मागे २८. एका फेऱ्यात सायकल जाते जेमतेम पावणेदोन मीटर.

"आता चढ धरा," ती म्हणाली. "शंभर मीटर अंतरात सहा मीटर उंची. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो. घाट तुम्हाला साधारण पाच किलोच्या वजनाइतक्या जोराने मागे ओढतो. तुमच्या सायकलीवर तो जोर पायापर्यंत येताना सरासरी २६ किलोचा होतो. माझ्या पायावर येतो साडेआठ किलोचा."

"म्हणजे तुझे कष्ट कमी!"

"कष्ट तेवढेच. तुमचा एक फेरा होतो तेव्हा माझे तीन होतात."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घाट आपले देणे पुरेपूर वसूल करतो. गिअर फक्त त्याचे हप्ते पाडून देतो. हप्त्याला व्याज असतेच, ते वेळेच्या रूपाने भरावे लागते. मिनिटाला साठ फेरे मारले तरी त्या हलक्या गिअरमध्ये सायकल ताशी साडेसहा किलोमीटरच जाते. भरभर चालणारा माणूस गप्पा मारत बरोबर येईल. माणसाला अडचण होते ती इथे. पाय दुखलेला चालतो, पण कुणी सावकाश जाताना पाहिलेले चालत नाही.

हा अहंकार आमच्या वाशीमपुरता नाही. फ्रान्समधील 'टूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध शर्यत १९०३ साली सुरू झाली. पण चेन एका दातेचाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा गिअर तिथे स्पर्धकांना थेट १९३७ साली मिळाला. तोवर डोंगराच्या पायथ्याशी स्पर्धक खाली उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत आणि त्याच्या दुसऱ्या बाजूच्या मोठ्या दातेचाकावर चेन चढवून पुढे जात. गिअर हे दुबळ्यांचे साधन, अशी शर्यत भरवणाऱ्यांची समजूत. आता मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट जिंकून 'घाटाचा राजा' म्हणवून घेणाऱ्याची सायकलही गिअरचीच असते. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर, एकट्याने सायकलवर पार केली. अशी माणसे गिअर वापरतात आणि मी मेडशीच्या घाटात नको म्हणत होतो!

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत मुलांना सायकल घेणार असाल तर माझ्या गुडघ्याच्या मोलाने मिळालेल्या चार गोष्टी ऐका. दुकानदार 'एकवीस गिअर' म्हणतो तेव्हा भुलू नका. पुढे ४२, ३४, २४ आणि मागे १४ ते २८ अशी सात चाके असली, तर पुढचे ४२ मागच्या २४ वर, ३४ हे २० वर आणि २४ हे १४ वर, ही तिन्ही जवळजवळ एकच पडतात. आकडा एकवीस, वेगळे गिअर त्याहून पुष्कळ कमी. विचारायचे ते एवढेच : पुढचे सर्वांत लहान चाक किती दात्यांचे आणि मागचे सर्वांत मोठे किती? पुढचे मागच्याहून लहान असेल तर चढ सुसह्य. मागे २८ ऐवजी ३४ मिळाले तर गुडघे दुवा देतील. गिअर चढ लागण्याआधी बदलावा. चढावर पूर्ण जोर देत बदलला तर चेन कुरकुरते, कधी उतरतेही. बदलताना पाय फिरते ठेवावे, पण जोर ढिला करावा. पुढचे मोठे आणि मागचेही मोठे, अशी चेन तिरकी ओढू नये. आणि घरी काळी सायकलच असेल तर ती विकू नका. फ्रीव्हील १८ ऐवजी २२ दात्यांचे बसवून घ्या. चेनला एखादी कडी जोडावी लागेल, पण पायावरचा भार जवळजवळ पाचव्या हिश्श्याने उतरेल.

वही मिटली आणि मला माझे वडील आठवले. नाना खेड्यावरच्या शाळेत मास्तर होते. मी कॅरिअरवर बसत असे. गावाबाहेर नाल्याचा चढ आला की नाना खाली उतरत आणि मला तसेच बसवून सायकल ढकलत नेत. शेजारून बाकीचे लोक दात-ओठ खाऊन पायडल मारत जात, आणि मला नानांची लाज वाटे. एकदा मी विचारलेही, "नाना, तुम्हाला चढवत नाही का?"

"चढवतं की," नाना म्हणाले, "पण उद्याही यायचं आहे ना."

त्या सायकलीला एकच गिअर, असे मी इतकी वर्षे समजत होतो. तिला दोन होते. दुसरा उतरून चालण्याचा. निवृत्त होईपर्यंत नाना त्याच सायकलीवर शाळेत गेले, आणि शेवटपर्यंत त्यांचे गुडघे माझ्याहून बरे होते.

धनत्रयोदशीला गिअरची सायकल घरी आली. मुलीने चाकाला हळदकुंकू वाहिले आणि मला म्हणाली, "बाबा, एक फेरी मारा." मी बसलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी थोडासा चढ आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. शेजारचे देशपांडे ओट्यावरून पाहत होते. मी सर्वांत हलका गिअर घातला आणि सावकाश, अगदी सावकाश, त्यांच्यासमोरून गेलो.