गाडी कानाने घेऊ नका!

मे महिना आला की हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर मेसच्या थकबाकीच्या यादीशेजारी चिठ्ठ्या लागायला लागतात. 'पल्सर २२०, सिंगल हँडेड, टकाटक कंडिशन, अर्जंट सेल.' आता चौथा मालकसुद्धा 'सिंगल हँडेड' कसं काय लिहितो ते विचारू नका! संध्याकाळी पार्किंगमध्ये घोळका जमतो. विकणारा सेल्फ मारतो, थ्रॉटल पिळतो, घोळक्यातून "आयला!" असा आवाज येतो, आणि सौदा पक्का. चेन कुणी ओढून बघितलेली नसते, टायरकडे कुणी वाकलेलं नसतं, कागदांचं तर नावच नको. चार वर्षं आपण मशीन डिझाइन आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या नावाने रात्री जागवतो, आणि पन्नास-साठ हजारांची वस्तू कानाने विकत घेतो.

मी गाडीच्या विरोधात लिहीत नाहीये हं. उलट माझं मत असं आहे की जुनी स्पोर्ट-टूरर ही हॉस्टेलच्या पोराने करावी अशी सगळ्यात शहाणी खरेदी आहे. फक्त तिच्यावर पैसे कुठे घालायचे ते आपल्याला कळत नाही, आणि ती कुणाच्या नावावर आहे याचं तर आपल्याला काही देणंघेणंच नाही.

आधी 'स्पोर्ट-टूरर' म्हणजे काय? मी पडलो कॉन्व्हेंटवाला, मला मराठी शब्द सापडला नाही. रूममेट शुद्ध मराठी मिडियमचा, त्याने दहा मिनिटं विचार करून 'लांब पल्ल्याची वेगवान दुचाकी' असं सांगितलं आणि स्वतःच हसत सुटला. थोडक्यात, वळणावर मजा देणारी, पण दिवसभर बसलं तरी कंबर मोडणार नाही अशी गाडी. परदेशात यामाहाची एफजेआर १३०० वगैरे या जातीची. तिला चेनऐवजी शाफ्ट, बाजूला सामानाच्या पेट्या, आणि किंमत आपल्या चार वर्षांच्या फीच्या वरची. आपल्याकडे ही हौस छोट्या इंजिनांवर भागली. २००३ मध्ये २२३ सीसीची करिझ्मा आली. २००७ मध्ये पल्सर २२० आधी फ्युएल इंजेक्शनसह आली, मग २००९ मध्ये कार्ब्युरेटरवर. २०११ मध्ये सीबीआर २५०आर आली. करिझ्मा झेडएमआर आणि सीबीआर बीएस-६ च्या सुमारास बंद झाल्या. २२० पण २०२२ मध्ये थांबली होती, २०२३ मध्ये परत आली. त्यामुळे आपल्या बजेटमध्ये जे मिळतं ते बहुतेक जुनंच. त्यात २२० सगळ्यात जास्त दिसते, कारण तिचा पार्ट कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतो. घाटात गाडी बंद पडल्यावर या गोष्टीची किंमत कळते!

गेल्या जूनमध्ये मी आणि रूममेट अशीच एक घ्यायला निघालो, आणि बाहेरच्या मिस्त्रींना बरोबर नेलं. मिस्त्रींनी पहिला प्रश्न आम्हालाच टाकला, "इंजिनिअर साहेब, आवाज पायजे का गाडी पायजे?" मग ते गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि चालू न करता इंजिनवर हात ठेवला. गरम! म्हणाले, "उद्या सकाळी येऊ. आम्ही यायच्या आत चालू करायची नाही." आधी तापवून ठेवलेलं इंजिन कुणाचंही गोड वाजतं. थंड इंजिन पहिल्या सेल्फमध्ये कसं उठतं, उठताना टायमिंग चेन कशी खडखडते, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, हे सगळं पहिल्या एका मिनिटात कळतं. शिवाय २२० ला किक नाही. बॅटरी झोपली की धक्का मारणं आलं, आणि मित्र नेमके तेव्हाच लायब्ररीत असतात.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी जे केलं त्याला ना ओबीडी स्कॅनर लागला ना लॅपटॉप. पुढचं चाक उचलून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. बरोबर मध्यावर हलकीशी 'टिक' लागली म्हणजे कोनसेट गेला. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटाने मागे ओढली. दात अर्धा उघडा दिसला तर चेन-स्प्रॉकेट किट बदलायचा खर्च किमतीतून कापायचा. फोर्कच्या रॉडवरून बोट फिरवून तेल आहे का पाहिलं. मीटरवरचे किलोमीटर त्यांनी बघितलेच नाहीत! म्हणाले, आकडे मागे नेता येतात, फुटरेस्टचं झिजलेलं रबर आणि ब्रेक डिस्कच्या कडेला आलेला काठ मागे नेता येत नाही. (मेट्रॉलॉजीच्या ओरलला असं उत्तर देऊन बघा कुणीतरी.) टायरच्या बाजूला चार आकडे असतात, तेही त्यांनीच दाखवले. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी जुनं रबर कडक होतं, आणि पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरताना नक्षीइतकंच रबरही लागतं.

माझ्याकडून एक भर. थोडे जास्त पैसे असतील तर सालाकडे बघा. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. २०१२ ची गाडी घेऊन तिच्यावर वीस हजारांचा साज चढवण्यापेक्षा तेच वीस हजार घालून २०१९ नंतरची घेतलेली बरी. आणि अगदीच जुनी, २००९-१० ची मिळत असेल, तर नोंदणीची पंधरा वर्षं संपलेली असतात. फेरनोंदणी आणि पर्यावरण कर हे दोन्ही धरून मगच 'स्वस्त पडली' म्हणा.

आता आपल्या सगळ्यांचा लाडका विषय... मॉडिफिकेशन! गाडी आल्यावर पहिल्या रविवारी आपली पोरं काय करतात? सायलेन्सरची पुंगळी काढतात! त्याने पॉवर वाढते असं सांगणारा प्रत्येक फ्लोअरवर एक तरी असतोच, आणि तो बहुधा मेकॅनिकलचाच असतो, हे दुःख. अरे बाबा, त्या कार्ब्युरेटरचे जेट कंपनीने त्या एक्झॉस्टसाठी ठरवलेत. पुंगळी गेली की मिश्रण लीन होतं आणि मधल्या आरपीएमचा टॉर्क पडतो. ट्रकच्या मागून निघायला नेमका तोच लागतो. आवाजामुळे गाडी जोरात चाललीये असं वाटतं, मीटर मात्र तिथल्या तिथे. तीनशे किलोमीटरनंतर तो आवाज डोक्यात बसतो तो वेगळाच. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री अकरा वाजता तुम्ही गेटमधून आत येता तेव्हा दीडशे खोल्यांमधून तुमचा जो उद्धार होतो, तो या अंकात छापता येणार नाही.

दुसरी हौस म्हणजे मागे रुंद टायर. १२० च्या रिमवर १४० बसवला की तो चिमटला जातो, त्याचा गोलावा बिघडतो, आणि ज्या वळणासाठी गाडी घेतली त्या वळणात ती पडायलाच तयार होत नाही. फोटोत मात्र भारी दिसते, हे मान्य.

मग करायचं काय? मी म्हणेन, हायवेवर आपलं अंग जिथे जिथे गाडीला टेकतं तिथून सुरू करा. सीट उसवून आत कडक फोम भरून घेणं हे कुशनवाल्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि त्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच स्टिकरने पडत नाही. जुनं ब्रेक ऑइल काढून नवीन भरा. ते हवेतली ओल शोषतं, त्यामुळे लांब उतारावर लवकर उकळतं आणि लिव्हर स्पंजसारखा आत जातो. हेडलाइटची उंची भिंतीसमोर गाडी उभी करून लावून घ्या. साध्या रिफ्लेक्टरमध्ये पांढरा झगझगीत बल्ब कोंबू नका, समोरच्या एसटी ड्रायव्हरला तुम्ही दिसायला हवे आहात, तो आंधळा व्हायला नकोय. मागे मित्र बसणार असेल तर शॉकअपचं प्रीलोड दोन खाचा वाढवा. हे तर फुकट आहे, तरी कुणी करत नाही! सामान पाठीवरच्या सॅकमध्ये न घेता सॅडल बॅगमध्ये, खाली आणि पुढे. मागच्या स्प्रॉकेटचे दात कमी करून 'टॉप स्पीड' वाढवणाऱ्यांनी एकदा डबलसीट घाट चढून बघावा.

कायदा काय म्हणतो हेही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येकी पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सीट, ब्रेक ऑइल आणि हवेचं प्रेशर याबद्दल अजून कुणाला आत टाकल्याचं ऐकलं नाही!

पण मला खरं लिहायचंय ते यापुढे.

आपल्या पार्किंगमध्ये एक 'काळी' आहे, सगळ्यांना माहीत आहे. ती पाचव्या मालकाकडे आहे आणि आरसीवर अजून पहिल्याचंच नाव आहे. तो बेंगळुरूला नोकरी करतो, आपल्यापैकी कुणीही त्याला बघितलेलं नाही. आपण इथे ट्रिपल सीट जातो आणि चलनाचा मेसेज त्याच्या मोबाईलवर वाजतो. इथपर्यंत आपण हसलो. ऑगस्टमध्ये त्याच काळीने गेटबाहेरच्या चौकात एका आजोबांना उडवलं. त्यांच्या पायात रॉड घातलाय. पोलिसांनी नंबर टाकला, नाव आलं बेंगळुरूचं, आणि चार वर्षांपूर्वी ज्याने गाडी विकली तो रजा टाकून आई-वडिलांना घेऊन इथे ठाण्यात बसला. इन्शुरन्स कधीच संपलेला. विकताना त्याने टीटीओ फॉर्मवर सह्या करून दिल्या होत्या. ते २९ आणि ३० नंबरचे फॉर्म एका मालकाच्या ट्रंकेतून दुसऱ्याच्या ट्रंकेत गेले, आरटीओत काही गेले नाहीत.

'सही दिली म्हणजे आपण सुटलो' असं समजणाऱ्या फायनल इयरवाल्यांनी २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचावा. २००७ मध्ये विकलेली एक कार पुढे हातोहात फिरली, २००९ मध्ये अपघात झाला, त्यात एका मुलाचा जीव गेला. कोर्टाने सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याचीच. म्हणजे ज्याने ती कार दोन वर्षांपूर्वी विकली होती त्याची! राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. दोघांचा मिळून एक दिवस जातो. आपण लेक्चर बंक करून याहून जास्त दिवस काय काय करत असतो ते सरांना सांगायला नको.

तेव्हा माझी सूचना, आणि यावरून मला फ्लोअरवर मार पडणार हे धरून चाललोय. जूनपासून पार्किंगचं स्टिकर फक्त त्याच गाडीला द्यावं जिची आरसी विद्यार्थ्याच्या किंवा त्याच्या आई-वडिलांच्या नावावर आहे आणि इन्शुरन्स चालू आहे. रेक्टर सरांनी गेटवरच्या वॉचमन काकांवर हे सोडू नये, त्यांना रोज पोरांशी भांडावं लागतं. कागद ऑफिसात ॲडमिशनच्या वेळीच घ्यावेत. नवीन गाडीला नाव बदलेपर्यंत तीस दिवसांचं कच्चं स्टिकर द्यावं. आणि नियम स्टाफच्या पार्किंगलाही लागू करावा. तिथल्या दोन स्कूटर कुणाच्या नावावर आहेत हे मी इथे लिहीत नाही...

आणि विकणाऱ्यांसाठी, घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आय.सी. इंजिनच्या लॅबमध्ये कॉम्प्रेशन गेज आहे. मी सरांना विचारलंय, शनिवारी प्रॅक्टिकल संपल्यावर गाडी आणली तर लावून बघायला त्यांची हरकत नाही. गाडी थंड आणायची. कपाटाची चावी स्टोअरच्या मामांकडे असते, ते साडेचारला निघतात.