बसायची गाडी, झोपायची गाडी
सदर : फलाटावरून

बेंगळुरूच्या जे. पी. नगरातल्या बेळगावकरांत सध्या दोन पक्ष आहेत. एक दिवसाच्या वंदे भारतचा, दुसरा रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसचा. घरून मेट्रोने दोघंही संगोळ्ळी रायण्णा स्थानकातच उतरतात, पुढे मात्र एकमेकांना वेड्यात काढतात. मी चन्नम्मावाला.

बेळगावची वंदे भारत १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाली. पहाटे ५.२० ला निघून दुपारी दोनच्या आत बेंगळुरूत, अर्ध्या तासात माघारी, रात्री पावणेअकराच्या आत बेळगावात. वेगाबद्दल तक्रार नाही. पण विधानसौधात कागद घेऊन येणाऱ्याचा हिशेब बघा. तीनला कचेरीत पोचावं, तर साहेब मीटिंगला गेलेले. मग लॉज शोधा. रात्रीच्या गाडीने आलेला मात्र सकाळी तोंड धुऊन, इडली खाऊन रांगेत उभा असतो आणि काम उरकून त्याच रात्री परततो. इथून जाणाऱ्या खानापूरकराचं तर विचारूच नका. पावणेअकराला बेळगावात उतरून पुढे कशाने जायचं?

झोपून जाणं चैनीचं, असं कुणी म्हणेल; ते अमेरिकेत खरं. तिथल्या ॲमट्रॅक रेल्वेच्या झोपायच्या डब्यात बसायच्या डब्याच्या जेमतेम निम्मी माणसं मावतात, त्यामुळे भाडं चढतं. आपल्याकडे वंदे भारतच्या साध्या चेअर कारमध्ये ७८ खुर्च्या आणि एलएचबी बनावटीच्या स्लीपर डब्यात ८० बर्थ! माणसं तीन मजली रचायची विद्या आपल्याला केव्हाच साधली आहे. तेव्हा नवी गाडी रात्रीची नसण्यामागे अडचण जागेची नाही. दिवसाची गाडी एकाच रेकवर, म्हणजे डब्यांच्या एकाच संचावर, जाऊन-येऊन करते, रात्रीच्या गाडीला दोन रेक लागतात. सोय रेल्वेची, दिवस आपला.

बर्थचे लाड करायचं मला कारण नाही. साइड लोअरच्या दोन पाठी आडव्या केल्या की मधली फट नेमकी कमरेखाली येते, चादर दुहेरी घातली तरी टोचते. सकाळचे सहा वाजले की खालचे काका मधल्या बर्थवाल्याला ‘उठा आता, बसू द्या’ म्हणून हलवतात, आणि नियम काकांच्या बाजूने असतो. पण तोवर पाठ टेकलेली असते. तिघांच्या सीटवर मधे बसून साडेआठ तास काढलेल्याला विचारा.

वंदे भारत स्लीपर याच शहरात, बीईएमएल कंपनीने बांधली. जानेवारी २०२६ मध्ये ती धावू लागली ती हावडा–कामाख्या मार्गावर. सगळी वातानुकूलित, सुरुवातच थ्री टायर एसीपासून. बेळगावला ती यावी, जरूर यावी. मात्र तिच्यासाठी चन्नम्माचा साध्या स्लीपरचा एकही डबा काढू नये. कागद घेऊन येणारा माणूस त्याच डब्यातून येतो.