पिशवीवर नसलेले नाव

मृगाच्या तोंडावर विदर्भातील शेतकरी कपाशीच्या बियाण्याची पिशवी विकत घेतो, तेव्हा तिच्यावर कंपनी, वाण, लॉट क्रमांक, उगवणक्षमता आणि तपासणीची तारीख हा सारा तपशील कायद्याच्या हुकमाने छापलेला असतो. परंतु ज्या पैदासकाराने उमेदीची आठ-दहा वर्षे खर्ची घालून तो वाण सिद्ध केला, त्याच्या नावाला त्या पिशवीवर जागा नसते.

सरकारी संशोधकाच्या वाट्याला निदान एवढी उपेक्षा येत नाही. १९७० साली सुरतेस एच-४ हा संकरित कापूस देणारे डॉ. सी. टी. पटेल, किंवा पुसा सावनी भेंडीचे जनक डॉ. हरभजन सिंग यांची नावे कृषिविद्येच्या ग्रंथांतून टिकली. याच भेंडीचे बीजोत्पादन करीत जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये ‘महिको’ उभारली आणि १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळविला. तो सन्मान सर्वथा यथोचित होता. पण तो बीजोद्योगाच्या संस्थापकाचा होता. आमच्या नागपूरच्या बीजोद्योगाने दिलेले ‘अंकुर ६५१’ हे नाव शिवारात सर्वतोमुखी झाले; अशा वाणामागची माणसे कोण, याची सरकारदरबारी कोणी आस्थेने चौकशी केली काय?

पैदासकाराचे काम किती चिवट आहे, ते प्रत्यक्ष पाहावे. उद्या उमलणारी कळी सायंकाळी हेरून तिच्या पाकळ्या व परागकोश अंगठ्याच्या नखाने अलगद सोलावयाचे, आतील स्त्रीकेसरास यत्किंचितही इजा होऊ द्यावयाची नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नरवाणाचे पराग त्यावर लावून खुणेचा दोरा बांधावयाचा. अशा असंख्य संकरांपैकी बहुतेक सारे तुडतुड्यांपुढे, पावसाच्या खंडापुढे किंवा धाग्याच्या परीक्षेत नापास होऊन बाद होतात.

‘त्याला कंपनी पगार देते’, हा आक्षेप मला मान्य नाही. पगार सरकारी शास्त्रज्ञासही मिळतो. अधिक गंभीर आक्षेप आहे तो नफ्याचा: नफा कंपनीचा आणि नुकसान शेतकऱ्याचे. २००२ साली बीटी कापसास परवानगी मिळाली आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाची बोंडे पोखरली, हा इतिहास कोणासही विसरता येणार नाही. परंतु त्याच कारणास्तव पैदासकाराचे नाव जाहीर असावे, असे माझे निश्चित मत आहे. कारण निनावी कर्तृत्वाला श्रेय मिळत नाही, त्याचप्रमाणे त्याच्याकडे जाबही मागता येत नाही. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण कायद्याने पैदासकार या संज्ञेत व्यक्तीबरोबर संस्थेसही स्थान दिले आहे. व्यवहारात संस्थेचे नाव पुढे येते आणि व्यक्ती दप्तरातच राहते.

म्हणून राज्य शासनाने कृषी पुरस्कारांत खासगी क्षेत्रातील पैदासकारासाठी स्वतंत्र तजवीज करावी, आणि पिशवीवर त्याचे नाव छापणे सक्तीचे करावे. निवड विक्रीच्या आकड्यांवर न करता कोरडवाहू शेतात सलग पाच हंगाम वाण कसा टिकला यावर व्हावी. तिची छाननी नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था व अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे सोपवावी, आणि निवड समितीत कंपनीच्या प्रतिनिधीऐवजी काळ्या जमिनीत स्वतः पऱ्हाटी लावणारे दोन शेतकरी बसवावेत.