आमच्या मुलांच्या हातीं रशियाचा इतिहास

गेल्या वर्षीं वरच्या वर्गांत रशियन राज्यक्रांतीचा विषय निघाला असतां एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, हिला ऑक्टोबर क्रांति म्हणतात, मग तिचा दिवस ७ नोव्हेंबर कसा?" हातांतील टिपणवजा पुस्तकांत ह्याचें उत्तर नव्हतें. रशियांत त्या काळीं जुनी ज्यूलियन कालगणना चालत असे व ती आपल्या तारखांच्या तेरा दिवस मागें होती. पुढें १९१८ सालीं ३१ जानेवारीच्या दुसऱ्या दिवशीं एकदम १४ फेब्रुवारी उजाडली, असें मीं सांगितलें. त्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग त्या तेरा दिवसांचें घरभाडें?" वर्ग हंसला, मीही हंसलों. परंतु सनावळी घोकणाऱ्या त्या मुलांना प्रथमच जाणवलें कीं, त्या देशांत माणसें राहत होतीं.

त्या विद्यार्थिनीस मीं अरुण साधू ह्यांचें 'तिसरी क्रांती' हें पुस्तक वाचावयास दिलें. साधू आपल्या वऱ्हाडचेच. १९४१ सालीं परतवाड्यास जन्मले, मुंबईस वृत्तपत्रव्यवसायांत नांवारूपास आले व २०१७ सालीं निवर्तले. 'सिंहासन' ह्या कादंबरीमुळें त्यांचें नांव पुष्कळांस ठाऊक आहे. मला मात्र चीन, क्यूबा व रशिया येथील क्रांत्या मराठी वाचकांपुढें उभ्या करण्याचें त्यांचें काम अधिक मोलाचें वाटतें. ते पेशानें इतिहाससंशोधक नव्हते, एवढ्यावरून विद्वान् मंडळी नाक मुरडतील. मुरडोत बापडी! राजवाड्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें खंडामागून खंड प्रसिद्ध केलीं, तरी तो इतिहास सामान्य वाचकाच्या घरांत शिरला तो सरदेसायांच्या रियासतीमुळें. संशोधकाचें काम निराळें आणि सांगणाऱ्याचें निराळें, दोन्ही हवींत.

"हें परीक्षेस येणार काय?" असें कांहीं पालकांनीं मला विचारलें. न येवो. १८६१ सालीं झार दुसरा अलेक्झांडर ह्यानें रशियांतील भूदासांस मुक्त केलें. परंतु जी जमीन त्यांच्या वांट्यास आली तिच्या मोबदल्याचे हप्ते ४९ वर्षांच्या मुदतीनें त्यांच्या मानेवर बसले. त्याच सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, मँचेस्टरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाचे भाव आकाशास भिडले. १८६५ सालीं युद्ध संपतांच ते घसरले. ज्याच्या घरीं कर्जाच्या हप्त्याचें बोलणें रोज रात्रीं चालतें, अशा यवतमाळ जिल्ह्यांतील मुलास हा रशियन शेतकरी परका वाटेल काय? त्याच शेतकऱ्याच्या वंशजांची जमीन १९२९ नंतर सामुदायिक शेतीसाठीं सक्तीनें घेतली गेली, आणि १९३२-३३ च्या दुष्काळांत युक्रेन, कझाकस्तान इत्यादि भागांत लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. त्या काळांतही सरकार धान्य परदेशीं विकीत होतें.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. कथा रंगली कीं वाचकाचे डोळे पुढाऱ्यांवर खिळतात. लेनिन, स्टालिनपासून गोर्बाचेव्हपर्यंतच्या कहाणींत तरुण वाचकास सत्तेचे डांवपेंचच फार आवडतात, असा माझा अनुभव आहे. वर्गांतील दोन मुलें तर स्टालिनच्या कणखरपणावर लुब्ध होऊन बसलीं! त्यांना मीं अण्णा भाऊ साठे ह्यांचें 'माझा रशियाचा प्रवास' वाचावयास सांगितलें. अण्णा भाऊंनीं स्टालिनग्राडचा पोवाडा रचिला होता आणि १९६१ सालीं ते त्या देशीं जाऊन आले. त्यांचें रशियावरील प्रेम उघड आहे, आणि पाहुण्यास यजमानाच्या घरांतील सर्वच खोल्या दिसत नाहींत, हेंही खरें. तथापि शाळेचें तोंडही नीट न पाहिलेल्या कष्टकऱ्यास तो देश इतका आपला कां वाटला, हें समजल्यावांचून क्रांति समजली असें मी म्हणणार नाहीं. स्टालिनचें वेड उतरविण्यास तेवढें पुरलें नाहीं. त्यासाठीं पुन्हां त्या दुष्काळाकडे यावें लागलें.

ज्या विद्यार्थिनीपासून हें सारें सुरू झालें, तिनें मध्यंतरीं मला गांठून विचारलें, "धान्य त्यांनींच पिकविलें, मग उपाशी तेच कसे मेले?" मीं दिलेलें उत्तर तिला पटलेलें दिसलें नाहीं. पुस्तक आतां तिच्या वडिलांकडे आहे. कापसाची वेंचणी संपली कीं परत करतों, असा त्यांचा निरोप आहे.