आबांची तोड आणि आपली रीत



या पानावर मी एरवी लागण, खोडवा, खताच्या मात्रा यांवर लिहितो. आज जरा वेगळं लिहायचं आहे.

गेल्या हंगामात एक वयस्कर सभासद एकाच सकाळी गट ऑफिसात तीनदा आले. "साहेब, माझी तोड कधी?" त्यांचा ऊस महिन्यापूर्वीच तुटला होता, बिलही जमा झालं होतं. तिसऱ्या खेपेला पोरं हसली. मीही आवाज चढवला, "आबा, किती वेळा सांगायचं?" आबा मान खाली घालून गेले. दुपारी मुलगा शोधत आला. दिवस मावळताना ते भलत्याच गावच्या एस.टी. थांब्यावर सापडले. काही बरंवाईट झालं असतं तर त्यात माझाही वाटा होता.

पुढे घरी भेटायला गेलो. सकाळी काय जेवलो ते आबांना आठवेना. पण को 740 चा ऊस एकरी किती टन पडायचा, ते धडाधड सांगितलं. या आजारात नवं आधी पुसतं, जुनं मागाहून. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. आपण 'साठी बुद्धी नाठी' म्हणून सोडून देतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की साठीपुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना, म्हणजे देशात 88 लाख लोकांना, हा आजार आहे. आपली सभासद यादी त्याला अपवाद कशी असेल?

जपानने 2005 पासून दुकानदार, बँक कर्मचारी, शाळकरी मुलं यांचे दीड-दीड तासांचे वर्ग घेतले. एक कोटीहून जास्त लोक शिकले. शिकवतात काय, तर बोलायची रीत.

माझं मत असं, की ही सुरुवात कारखान्याने आपल्याच दारात करावी. साखर वाटप, शेअर्स विभाग, खत डेपो इथल्या माणसांना एक दुपार द्यावी. माणूस गोंधळला तर आधी बसायला खुर्ची, पाणी द्यावं. एका वेळी एकच प्रश्न विचारावा. चुकलं तरी वाद घालू नये. कागदावर सही, अंगठा घेताना घरचं माणूस बोलवावं. पण बोलणं आबांशीच करावं, सभासद ते आहेत. गावातल्या किराणा दुकानदारांनी, सलूनवाल्यांनीही हेच करावं. घरच्यांनी खिशात नाव, गाव, फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

कोणी म्हणेल, हंगामाच्या घाईत वेळ कुणाला? पण हसण्यात आणि खेकसण्यातही वेळ जातोच की.

विसर वाढला तर डॉक्टरांना जरूर दाखवा. थायरॉइड किंवा बी-12 च्या कमतरतेनेही विसर पडतो, आणि त्यावर इलाज आहे. सल्ल्यासाठी सरकारचा टेली-मानस क्रमांक 14416 आहे.

याच म्हाताऱ्यांच्या शेअर्सवर आपला कारखाना उभा राहिला. ते विसरले तरी आपण त्यांना विसरू नये.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी