अंगठ्याखालचा उजेड

पावसाळ्यापूर्वीची मागणीपत्रे सध्या ठाण्याठाण्यांत तयार होत आहेत, म्हणून या महिन्यात बॅटरीवर लिहितो. टॉर्च हा शब्द दुकानदाराचा. आपण बॅटरीच म्हणतो आणि आत घालतो ते सेल.

परवा एका तरुण अंमलदाराने स्वतःच्या पैशाने घेतलेली बॅटरी कौतुकाने दाखवली. खोक्यावर छापले होते १,००,००० लुमेन. मुठीएवढ्या वस्तूतून एवढा उजेड निघत राहिला तर ती हातात धरवणार नाही, हे त्याला सांगायला जिवावर आले. खऱ्या कंपनीची १,००० लुमेनची बॅटरीसुद्धा तापते आणि काही मिनिटांत स्वतःहून उजेड कमी करते. खोक्यावरचा ‘चालण्याचा वेळ’ही असाच फसवा. एएनएसआयच्या एफएल-१ या प्रमाणाप्रमाणे सुरुवातीचा उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा काळ त्यात धरतात. त्यामुळे चार तास लिहिलेली बॅटरी पूर्ण तेजाने चार तास चालेल असे समजून रात्रगस्तीला निघू नका.

लुमेन म्हणजे बॅटरीतून निघणारा एकूण उजेड. तो एका जागी किती एकवटतो ते कॅन्डेला सांगतो, आणि आपल्या कामाला बहुधा तोच आकडा लागतो. कॅन्डेलाच्या वर्गमुळाची दुप्पट केली की झोताची लांबी मीटरमध्ये मिळते. १०,००० कॅन्डेला असतील तर २०० मीटर. मात्र त्या टोकाला उजेड उरतो पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच. तिथे माणूस उभा आहे हे कळेल. त्याच्या हातात काय आहे ते कळणार नाही.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र, बारा वाजून गेलेले, गिरगाव चौपाटीची नाकाबंदी. बळकावलेली स्कोडा बॅरिकेडच्या अलीकडेच थांबली. पुढचे दिवे बंद करा, आतला दिवा लावा, असे पोलिसांनी ओरडून सांगितले. चालवणाऱ्याने दिवे तसेच ठेवले आणि काचेवर पाणी उडवून आतले दिसेनासे केले. पुढे तुकाराम ओंबळे यांनी काय केले ते या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको. चांगली बॅटरी असती तर काय झाले असते, असला उद्धट तर्क मी करणार नाही. पण नाकाबंदीची खरी अडचण त्या काही क्षणांत उघडी पडते: गाडीचे दिवे तुमच्या डोळ्यांत आहेत आणि तुम्हाला पाहायचे आहे ते त्या दिव्यांच्या मागे.

तिथे पसरट उजेड कामाचा नाही, अरुंद आणि तीव्र झोत लागतो. तोही समोरून मारून उपयोग नाही, कारण काच तो तुमच्याच तोंडावर फेकते. बाजूने, तिरपा, शक्य तितका काचेजवळून मारला तर मागच्या सीटवरचे हात दिसतात. माझ्या मते पाहायचे ते हातच, चेहरा नंतर.

याच्या उलट, कागद तपासताना तोच झोत जाच होतो. नव्या नंबरप्लेट उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतात. पूर्ण तेजाची बॅटरी मारली की प्लेट पांढरीफटक होते, आकडे ना डोळ्याला दिसतात ना मोबाइलला. शिवाय अंधाराला सरावलेले डोळे एकदा दिपले की पूर्ववत व्हायला वीस ते तीस मिनिटे जातात. म्हणून मंद उजेडाची सोय ही चैन नव्हे. घाटातल्या धुक्यात तर ती लागतेच, आणि तिथे बॅटरी कमरेखाली धरावी. डोळ्यांजवळ धरली की पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. कपाळावरचा दिवा यासाठीच धुक्यात नको.

आता कळ. माझा सगळ्यात जास्त आग्रह इथे आहे. शेपटाकडच्या कळीवर अंगठा टेकला की पूर्ण उजेड, उचलला की अंधार. दुसरे काही नाही. मंद, मध्यम, लुकलुक वगैरे जे असेल ते बाजूच्या वेगळ्या बटणावर. एकाच कळीत पाच प्रकार कोंबलेली बॅटरी नेमकी नको तेव्हा लुकलुकायला लागते. मागे एकदा रात्री बंद गोदामात शिरताना माझ्याच हातात तसे झाले. आत भटक्या कुत्र्याखेरीज कोणी नव्हते म्हणून आज त्याचे हसू येते. चालत्या वाहनावर लुकलुकता झोत तर कधीच मारू नये. चालक दिपला तर गाडी तुमच्याच अंगावर यायची.

जड धातूच्या लांब बॅटरीचे आकर्षण आपल्याकडे अजून आहे. काठीची काठी, दिव्याचा दिवा. लॉस एंजेलिसच्या पोलिसांकडेही तशाच असत. २००४ मध्ये पळणाऱ्या संशयिताला पकडताना एका अधिकाऱ्याने बॅटरीने मारल्याचे चित्रण टीव्हीवर सगळ्यांनी पाहिले, आणि २००७ मध्ये त्या खात्याने लहान, हलकी बॅटरी आणली. तोंडाला दातेरी कडे असलेल्या बॅटऱ्या हल्ली ‘टॅक्टिकल’ म्हणून विकतात. त्या दात्यांच्या जखमेचा खुलासा कोर्टात कोण करणार, हे घेण्याआधी ठरवा.

तपासी अंमलदारांचे काम आणखी वेगळे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करावे लागते, आणि झडती काही दिवस उगवण्याची वाट पाहत नाही. स्वस्त एलईडी डोळ्याला स्थिर दिसतो, पण मंद केल्यावर मोबाइलच्या चित्रात काळे पट्टे सरकत राहतात. घेण्याआधी मोबाइल समोर धरून बघा. रंगाचेही तसेच. निळसर पांढऱ्या उजेडात सुकलेले रक्त, गंज आणि पानाची पिंक यांत फरक करणे अवघड जाते. सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याचे माप, ९० किंवा जास्त असलेली बॅटरी लुमेनमध्ये थोडी कमी भरेल, पण पंचनाम्यात शर्टाचा रंग बरोबर येईल. बुटाचा ठसा शोधायचा असेल तर ती जमिनीलगत आडवी धरा; वरून मारलेल्या उजेडात ठसा सपाट होऊन नाहीसा होतो.

सेलबद्दल थोडक्यात. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३,५०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत असते. ९,९०० छापलेला सेल परत करा. साधे अल्कलाइन सेल महिनोन्‌महिने आत ठेवू नका, गळून बॅटरी खातात. पाण्यासाठी आयपीएक्स-७ पुरे: १ मीटर पाण्यात अर्धा तास.

मागणीपत्रात नुसते ‘१,००० लुमेन, एलईडी’ लिहिले तर एल-१, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, पुरवठादार तेवढेच देणार, त्याला दोष कसा द्यायचा? कॅन्डेला, मंद उजेड, कळीची रचना, सीआरआय आणि सेलचे माप ही पाच कलमे लिहून घ्या. मग नमुना आला की तो साहेबांच्या टेबलावर तपासू नका. रात्री ठाण्यामागे, अंगात रेनकोट, हात ओले, एका हातात काठी अशा अवस्थेत ठाण्यातल्या सगळ्यात नव्या शिपायाच्या हाती द्या आणि काही न सांगता म्हणा, लाव. पहिल्या दाबाला पूर्ण उजेड पडला नाही तर नमुना परत पाठवा.