शेवटची तारीख कोणाला?

अमरावतीतल्या कॉलेजांच्या फलकावर दरवर्षी एक सूचना झळकते : राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख. मग मुदतवाढ. मग पुन्हा शेवटची तारीख. या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे, हे दोन शब्द दिसले की इथे राग अनावर होतो. कारण ही तारीख फक्त पोरांना असते.

समाजकल्याण, आदिवासी विकास, उच्च शिक्षण अशा वेगवेगळ्या खात्यांच्या योजना 2017-18 मध्ये या एका पोर्टलवर आणायला सुरुवात झाली. हेतू योग्यच होता : पैसा थेट विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न खात्यात जावा, मधल्यामध्ये मुरू नये. पण पहिल्याच वर्षी पोर्टल इतके कोलमडले की ऑफलाइन अर्ज घ्यावे लागले.

धारणीहून अमरावतीला शिकायला आलेल्या मुलीचे काय होते? उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आणायचा, जातीचा दाखला जोडायचा, आणि ओटीपी येतो बापाच्या मोबाइलवर. तिथे मेळघाटात रेंज नाही. कसाबसा फॉर्म सबमिट झाला, तर तो कॉलेजच्या लॉगिनला पेंडिंग. तिथून सुटला, तर खात्याच्या लॉगिनला. बाप फोनवर विचारतो, ‘काहून आले नाहीत वं पैसे?’ ती काय सांगणार? पैसे अमुक दिवशी मिळतील, असे तिच्या पावतीवर कुठेच लिहिलेले नसते. मेसचे पैसे मात्र दर महिन्याला द्यावेच लागतात.

याच पोर्टलवर वसतिगृह निर्वाह भत्त्याची एक योजना डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने आहे. पापळच्या या शेतकऱ्याच्या मुलाने अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभे केले, सगळ्या जातींची मुले एका छपराखाली शिकावीत म्हणून. त्यांच्या नावाचा भत्ता वेळेवर मिळावा, एवढी तरी लाज सरकारने राखावी.

मुदतीचा हाच एकतर्फी न्याय दवाखान्यातही आहे, आणि तिथे तो जास्त जिव्हारी लागतो. 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आले. तक्रारीला मुदत दोन वर्षे. उशीर झाला तर सबळ कारण द्यायचे. सगळ्यांनाच फुकट उपचार करणारा दवाखाना या कायद्याबाहेर, म्हणजे सर्वांत गरीब रुग्ण हा दरवाजा ठोठावूच शकत नाही. ऑपरेशनमधली चूक पुष्कळदा वर्षादीडवर्षाने दुखू लागते. मग दुसरा डॉक्टर, सोनोग्राफी, उसनवारी, आणि अकोल्याच्या ग्राहक आयोगाची पायरी चढेपर्यंत कॅलेंडर संपलेले असते.

मुदत डॉक्टरांनाही आहे, पण ती रुग्णाला कोणी सांगत नाही. 2002 च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागदपत्रे द्यावी लागतात, आणि दाखल रुग्णांची नोंद तीन वर्षे जपावी लागते.

तेव्हा सरकारने विद्यार्थ्याच्या पावतीवर पैसे मिळण्याची तारीख छापावी. आणि ज्यांच्या घरात उपचारात इजा झालेले माणूस आहे, त्यांनी केसपेपरची मागणी लेखी करावी, पोच घ्यावी, आणि हे याच आठवड्यात करावे.